मामाच्या तळपायांना हात कुणी लावायचा? (एचआयव्ही, मालीश आणि फिजिओथेरपी)

वारणाकाठ

मंडळी, हा धागा ‘आरोग्य’मध्ये टाकू की ‘मदत हवी आहे’मध्ये यातच दोन दिवस गेले. शेवटी इथे टाकतोय. चुकीच्या जागी असेल तर संपादकांनी हलवावा.

माझा मामा ५९ वर्षांचा. इचलकरंजीत यंत्रमागावर आयुष्य गेलं. २००६ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. एकही डोस चुकवला नाही असं तो म्हणतो आणि मामी मान हलवते, म्हणजे खरं असावं. व्हायरल लोडच्या (रक्तातला विषाणू मोजायच्या) कागदावर गेली काही वर्षं ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे विषाणू सापडत नाही, एवढंच येतं. रक्ताचं मिटलंय. पायांचं मिटलेलं नाही.

सुरुवातीला त्याच्या गोळीत स्टॅव्हुडिन होतं. १ एप्रिल २००४ ला सरकारी मोफत उपचार सुरू झाले तेव्हा परवडणारं आणि हाताशी असलेलं औषध तेच होतं. त्यानं माणसं वाचली, मामाही वाचला. पण ते नसा खातं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ते हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं, पुढे मामाचीही गोळी बदलली. तोवर तळपायांचं व्हायचं ते झालं होतं. गालही बसले. गालांबद्दल तो बोलत नाही, फक्त लग्नात फोटोची वेळ आली की आचाऱ्याकडे काहीतरी चौकशी करायला निघून जातो.

रात्री अकराच्या पुढे तळव्यांची आग सुरू होते. चादर पायाला घासली तरी कळवळतो. आणि त्याच पायात मागे चपलेतला खिळा घुसला होता, तो संध्याकाळी मामीला दिसला. याला पत्ताच नाही! हे दोन्ही एकाच पायात कसं, मला अजून उमगलेलं नाही.

मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या एका मालीशवाल्यांना बोलावलं. हात चांगला म्हणून ख्याती. मामीनं आधीच सांगून टाकलं, याला तो आजार आहे म्हणून. ते म्हणाले, काय हरकत नाही. आले ते हातमोज्यांवर हातमोजे आणि तोंडाला मास्क लावून. मामाला पालथं झोपवलं, दहा मिनिटं पोटऱ्या दाबल्या, चहासुद्धा घेतला नाही. तिसऱ्या दिवसापासून फोन बंद. मला राग आला होता. मामा म्हणाला, “अरे, डॉक्टरनं नाडी बघायची सोडून वीस वर्षांत कुणी अंगाला हात लावला नव्हता. यानं लावला की. रबरातनं का हुईना.”

त्या वाक्यानंतर मी हे लिहायला बसलो. अशा माणसाला मालीश, फिजिओथेरपी यानं खरंच काही फरक पडतो का? काय करू नये? घरातल्यांनी केलं तर चालेल का? अनुभव असेल तर सांगा. नावगाव नको.

गावठी_चहा

शेवटचं वाक्य वाचून फोन बाजूला ठेवला. माहिती काही नाही, वाचतोय.

मृण्मयी_पीटी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १४ वर्षं. एचआयव्हीचे बरेच पेशंट हाताखालून गेलेत. ‘हाताखालून’ हे अक्षरशः.

आधी तुमचं कोडं. नस खराब होते तेव्हा ती दोन चुका एकदम करते. जी बातमी द्यायची ती देत नाही, म्हणून खिळा कळत नाही. आणि नसलेली बातमी देत राहते, म्हणून चादर निखाऱ्यासारखी लागते. आम्ही तपासताना नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्यावर टेकवतो आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क झंकारून अंगठ्याच्या हाडावर ठेवतो. डोळे मिटून सांगायचं, थरथर कळते का आणि कधी थांबली. मामांची ही तपासणी कुणी केलीये का? साखर आणि बी-ट्वेल्व्हही बघून घ्या. सगळं खापर जुन्या गोळीवर फोडलं की मधुमेह तसाच लपून राहतो. कधी टीबीची औषधं झाली असतील तर तेही सांगा, आयसोनियाझिडनंही पाय जातात. म्हणूनच त्याच्याबरोबर बी-सिक्स देतात.

आता हाताचं. मेलेली नस मालिशीनं उगवत नाही. असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. पण झोप लागते, आखडलेल्या पोटऱ्या सुटतात, घोटा मोकळा होतो आणि चाल सुधारते. अशा पायाला हलक्या हातानं कुरवाळायचं नाही, ही चूक सगळे प्रेमापोटी करतात. बोटांच्या टोकांनी फिरवलेला हात त्याला चटक्यासारखा लागतो. दोन्ही तळहातांत पाऊल घट्ट धरायचं आणि नुसतं धरून ठेवायचं. सुरुवात पोटरीपासून करायची, तळव्याला शेवटी यायचं. दहा-पंधरा मिनिटं पुरे. तो ‘बास’ म्हणाला की बास.

गरम पाण्याची पिशवी, शेक, विटेचा शेक यातलं काही नको. ज्याला खिळा कळत नाही त्याला चटका काय कळणार? पाण्याचा अंदाज मामींनी कोपर बुडवून घ्यायचा. रोज रात्री तळवा आरशात बघायचा.

शंभू_७७

रागावू नका, पण मालीशवाल्याची बाजूही बघा. त्याला बायकापोरं आहेत. त्याच्या बोटाला चीर असेल आणि मामांच्या पायाला जखम असेल तर? घाबरला म्हणून लगेच त्याला आरोपी का करायचं?

मृण्मयी_पीटी

शंभू, प्रश्न रास्त आहे, त्यामुळे नीट उत्तर देते. धड कातडीवरून हा विषाणू जात नाही. घाम, तेल, लाळ, अश्रू यातूनही नाही. दोघांनाही जखम असेल तर त्या जागी हात लावायचाच नाही, आणि हे एचआयव्हीच नव्हे, कुठल्याही गिऱ्हाइकाला लागू. मालीशवाल्याकडे दिवसभरात किती माणसं येतात आणि त्यातल्या किती जणांना स्वतःलाच काय आहे ते ठाऊक नसतं, याचा विचार करा. सांगून आलेला माणूस, तोही इतकी वर्षं गोळ्या नेमानं घेणारा, त्याच्या सगळ्यात कमी धोक्याच्या गिऱ्हाइकांपैकी असतो. माझ्या बोटाला चीर असते तेव्हा मी पट्टी आणि एकच हातमोजा घालते, सगळ्यांसाठीच.

आणि एक गंमत. तेलाच्या मालिशीला रबरी लॅटेक्सचे मोजे घालून उपयोग नाही, तेलानं लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं. घालायचेच तर नायट्राइलचे. म्हणजे त्या गृहस्थांनी एकावर एक चढवले ते बहुतेक दोन्ही कुचकामी होते.

सुई टोचली किंवा उघड्या जखमेत रक्त गेलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सरकारी रुग्णालय गाठायचं. २८ दिवसांच्या गोळ्या असतात.

सुमन_बे_एरिया

मी नर्स आहे, कॅलिफोर्नियात. मृण्मयींच्या प्रत्येक ओळीला +१.

इथली एक जुनी गोष्ट. सॅन फ्रान्सिस्को जनरलमध्ये १९८३ साली वॉर्ड ५बी उघडला, एड्सच्या पेशंटसाठी वेगळा. तेव्हा एकही औषध नव्हतं, विषाणूची ओळख नुकती कुठे पटत होती. इतरत्र जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून लोक पळत होते. क्लिफ मॉरिसन नावाच्या नर्सनं तो वॉर्ड उभा केला, आणि तिथल्या नर्सेसनी ठरवलं की नुसतं हात धरायला, पाठीवरून हात फिरवायला मोजे घालायचे नाहीत. पलंगाच्या कडेला बसायचं. कित्येक पेशंटच्या घरचे येतच नसत. द्यायला गोळी नव्हती तेव्हा तिथे जे देता येत होतं त्यात हात मोठा होता.

मी इथे आले तेव्हा त्या काळच्या एक-दोघी ज्येष्ठ नर्सेस अजून कामावर होत्या. त्यांची एक सवय मी उचलली. खोलीत गेल्यावर आधी फाइल नाही, आधी पेशंटचा खांदा.

(अवांतर: भारतात १९८६ मध्ये चेन्नईत पहिले रुग्ण सापडले, त्यामागे डॉ. सुनीती सोलोमन होत्या. माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. मला हे फार उशिरा कळलं आणि उगाचच अभिमान वाटला.)

वैद्य_निरगुडी

काशाच्या वाटीचा उल्लेख अजून कुणी केला नाही याचं आश्चर्य वाटलं. गाईचं तूप लावून तळव्याला काशाची वाटी फिरवा, उष्णता खेचून घेते. वाटी काळी पडते ती शरीरातली उष्णताच. शिवाय मालिशीनं सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) वाढतो हे अमेरिकेतही सिद्ध झालेलं आहे. सोबत लोहभस्म व शंखभस्म द्यावं.

सुमन_बे_एरिया

वैद्यबुवा, तो अभ्यास मी वाचलाय. मायामीचा, १९९६ चा. एकूण २९ समलिंगी पुरुष, त्यातले २० एचआयव्हीबाधित. महिनाभर रोज मालीश. ‘नॅचरल किलर’ नावाच्या पेशींची संख्या वाढली, चिंता कमी झाली, हे खरं. पण सीडी-फोर हलला नाही. तो काळही आजच्या गोळ्यांच्या आधीचा. पुढे २०१० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेनं असे अभ्यास एकत्र तपासले. हाती लागले चारच, मिळून १७८ माणसं. निष्कर्ष असा की मालिशीनं, आणि त्याच्या जोडीला मन शांत करणारं दुसरं काही असेल तर जास्तच, माणसाचं जगणं सुसह्य होतं. प्रतिकारशक्तीचं म्हणाल तर ‘कदाचित’. अभ्यास लहान आहेत, मोठे हवेत. बरं वाटतं एवढं कारण मला पुरेसं आहे, त्याला सीडी-फोरची शेपूट कशाला?

भस्मांचं मात्र गंभीर आहे. वारणाकाठ, मामा टीएलडी (तीन औषधांची एआरटीची गोळी) घेत असतील तर त्यातल्या डोल्युटेग्राविरचं लोह आणि कॅल्शियमशी पटत नाही, रिकाम्या पोटी एकत्र घेतलं की औषध अंगात कमी शिरतं. शंखभस्म म्हणजे कॅल्शियमच. एआरटीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नको.

वैद्य_निरगुडी

सीडी-फोरचं मी ऐकीव लिहिलं, मागे घेतो. भस्मांचा हा मुद्दा माहीत नव्हता. वाटीवर मात्र ठाम आहे.

मृण्मयी_पीटी

वाटीला माझीही हरकत नाही! काळं पडतं ते काशातल्या तांब्याचं आणि तुपाचं, कुणाच्याही पायाला काळंच पडेल. पण गार, गुळगुळीत, जड धातू आणि त्याचा एकसारखा दाब... आगीनं पेटलेल्या पायाला बरं वाटलं तर नवल नाही. फक्त कड घासलेली, खरखरीत वाटी नको, आणि जोर बेतानं.

हिशेबनीस

एक वेगळा आणि कडू अनुभव. माझा मेहुणा. त्यालाही एचआयव्ही, तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही. पाठ दुखायची. दोन महिने रोज बाम, मग मालीश, मग तालुक्याच्या गावी एका हाडवैद्याकडे. त्यानं गुडघा पाठीत रोवून खांदे मागे ओढले. ‘कट’ आवाज आला, सगळे खूश. आठव्या दिवशी पाय लुळे पडायला लागले. एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी निघाला, मणका आधीच पोखरलेला. संध्याकाळी बारीक ताप यायचा, वजन उतरत होतं, भूक नव्हती. सगळं डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही पाठ रगडत बसलो होतो. ऑपरेशन झालं, टीबीचा कोर्स झाला, एआरटी सुरू झाली. आज काठी घेऊन चालतो. हाडवैद्याला मी दोष देत नाही, त्याला काय दिसणार होतं? पण ताप आणि उतरणारं वजन असेल तर पाठीला कुणाचा हात लावू देऊ नका, आधी फोटो काढा.

मृण्मयी_पीटी

हिशेबनीस, हे लिहिलंत त्याबद्दल फार आभार. आपल्याकडे एचआयव्हीबरोबर सगळ्यात जास्त टीबीच येतो, आणि तो कुठेही बसतो.

यात थोडी भर. टेनोफोविर या एआरटीतल्या औषधावर वर्षानुवर्षं असलेल्यांची हाडं थोडी विरळ होऊ शकतात, म्हणून मान-कंबर कटकन मोडणं बंद. जांघेत दुखतंय आणि मांडी घालता येत नाही असं असेल तर रगडू नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो तो आजार यांच्यात जास्त दिसतो. एकच पोटरी सुजून गरम लागली तर अजिबात हात नको, आत रक्ताची गाठ असू शकते. नागीण उठलेली जागा, मानेतल्या-काखेतल्या गाठी, जांभळट डाग हे सगळं सोडून द्यायचं. आणि मानेमागे चरबीचा उंचवटा आला असेल तर तो मालिशीनं जात नाही, कितीही पॅकेज घ्या.

तो_मीच

हा आयडी आजच काढलाय. कारण उघड आहे.

मी २०११ पासून पॉझिटिव्ह. नोकरी करतो, लग्न झालंय, बायको निगेटिव्ह. तीन वर्षांपूर्वी खांदा धरला, हात वर जाईना, शर्ट घालताना डोळ्यात पाणी. एका मोठ्या रुग्णालयाच्या फिजिओ विभागात गेलो. फॉर्मवर खरं लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या फाइलवर लाल शाईत अक्षरं होती, अर्ध्या हॉलला वाचता येतील अशी. मला मशीनच्या खोलीत बसवलं. शेकाचं मशीन, करंटचं मशीन. शेजारच्या पलंगावरच्या काकांचा तोच खांदा, त्यांना मात्र ती मुलगी हातानं फिरवून देत होती. बारा दिवस मला एकाही माणसाचा हात लागला नाही. खांदा होता तिथेच.

मग दुसरीकडे गेलो. तिथे काही सांगितलं नाही. त्या बाईंनी पहिल्याच दिवशी खांद्याखाली एक हात, कोपराखाली एक हात धरला आणि म्हणाल्या, “वजन सोडा माझ्यावर.” मला सोडताच येईना. दोन-तीनदा म्हणाल्या, सोडा. सोडलं तेव्हा रडू आलं. त्यांना वाटलं दुखलं. दोन महिन्यांत हात वर गेला.

सांगितलं नाही याची टोचणी राहिली. नंतर एआरटी सेंटरच्या समुपदेशकांना विचारलं. त्यांनी २०१७ चा एचआयव्ही कायदा दाखवला, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय स्वतःची स्थिती सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही, उपचारात भेदभाव करता येत नाही, आणि तक्रारीसाठी राज्यात लोकपाल असायला हवा. मी तक्रार केली नाही. करायला हवी होती, पण तक्रारीवरही नाव लागतंच ना.

शेवटच्या दिवशी त्या बाईंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “प्लेटलेट कमी असत्या तर मी हात हलका ठेवला असता. पुढच्या वेळी फक्त तेवढं सांगा, बाकीचं नाव नका सांगू.”

वारणाकाठ, मामांना सांगा, रबराशिवायचे हात आहेत. शोधावे लागतात.

शंभू_७७

तो_मीच, वाचलं. माझा वरचा प्रतिसाद तसाच ठेवतो, पण आज तसा लिहिला नसता.

वारणाकाठ

तीन आठवड्यांनी येतोय, माफी. सगळ्यांचे प्रतिसाद मामीला वाचून दाखवले. मामा शेजारी पेपर घेऊन बसला होता, पान काही उलटत नव्हता.

सांगलीत एका फिजिओ मॅडमकडे नेलं. त्यांनी तो फोर्क वाजवून अंगठ्यावर ठेवला. मामा म्हणाला, “काय न्हाई.” घोट्यावर ठेवला, “थोडं.” नडगीवर ठेवल्यावर म्हणाला, “आता माग सुरू झाला बघा.” मॅडमना कळलं नाही, मी समजावलं. मग त्यांनी तळवा उजेडात धरला आणि गप्प झाल्या. टाचेच्या कडेला रुपयाएवढा भाजल्याचा डाग, पिकत आलेला. मामी रोज रात्री गरम पाण्याची पिशवी द्यायची! मृण्मयीताई, तुमचा प्रतिसाद वाचूनही आमच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण तो कधी तक्रारच करायचा नाही. ड्रेसिंग केलं, पिशवी बंद. साखर तपासली, काठावर आहे. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, ते सुरू केलंय. ओट्याला धरून टाचा उचलण्याचा व्यायाम दिलाय, तो वैतागून करतो.

मॅडमनी मामीला पाय धरायला शिकवलं, जखमेचा भाग सोडून. मामी आधी बोटांनीच लावत होती, त्यांनी तिचा हात धरून दाबला, “असा, परात धरल्यासारखा.” आता रोज जेवणं झाली की मामी पाटावर बसते आणि मामाचं पाऊल मांडीवर घेते. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “बायकोनं माझे पाय चेपायचे, लोक काय म्हणतील, जुनी माणसं झाली आता.” ती म्हणाली, “मग तुम्ही माझे चेपा.” त्यावर जे झालं ते मी दाराआडून बघितलं, तो खरंच चेपायला लागला. तिचे गुडघे दुखतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

आग गेलेली नाही. अकराला सुरू व्हायची ती आता साडेबाराला होते. मधल्या दीड तासात तो झोपून जातो, मग कधी कधी उठतच नाही.

मृण्मयी_पीटी

टाच पूर्ण भरेपर्यंत त्या पायाला तेल-तूप काहीच नको. आणि तो दीड तास फार मोठा आहे, मामींना सांगा.

गावठी_चहा

मी आईसाठी काशाची वाटी शोधतोय (मधुमेह, तळव्यांची आग). बाजारात काशाची म्हणून पितळेची खपवतात. ओळखायची कशी?

वैद्य_निरगुडी

टिचकी मारून ऐका. काशाचा नाद लांबतो, देवळातल्या घंटेसारखा. पितळ लवकर गप्प होतं. आणि आधी आईंच्या तळव्याला जखम नाही ना ते बघा, मृण्मयीताई रागावतील.

वारणाकाठ

मामीची वाटी सापडली. रुखवतातली आहे, इतकी वर्षं तांदूळ मोजायला वापरत होती. टाच भरली की काढणार आहे.